जड हात

वसई,
२० ऑगस्ट २००६

चि. जितेश यास,

दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे नेहमीप्रमाणे कुरकुरतात, तुझ्या वहिनीचं डोकं नेहमीप्रमाणे दुखतं, आणि गणपती आठवड्यावर आले तरी मखराला अजून कुणी हात लावलेला नाही. तुमचं कामणला कसं चाललंय ते कळव, म्हणजे उन्नतीला कळवायला सांग. तुला सध्या लिहिता येत नाही हे मी विसरलेलो नाही.

फोन केला की उन्नती उचलते आणि तू झोपला आहेस म्हणते. सकाळी अकराला झोपलेला, संध्याकाळी पाचला झोपलेला. लहानपणी आईने हजारदा दटावूनही दुपारचा कधी लवंडला नाहीस, रेडिओ खोलून बसायचास. ती सगळी झोप आता भरून काढतोयस वाटतं. म्हणून पत्र लिहितोय. पत्राला कुणी तू झोपलास म्हणून परत पाठवत नाही.

चार-पाच दिवसांपूर्वी उन्नती दुकानात आली होती. तुला सांगितलं नसेल तर तिच्यावर रागावू नकोस. गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे निवांत बसली. तिच्याकडून कळलं की हाडं जुळली, प्लास्टर निघालं आणि आता खरं काम आहे ते बोटांचं. हात कोमट पाण्यात धरायचा, मग रबरी चेंडू दाबायचा, दिवसातून चारदा, तीन-चार महिने. नाही केलं तर बोटं आहेत तशी आखडून बसतील आणि मग कुठल्याच डॉक्टरला उघडता यायची नाहीत. आणि तू म्हणे चेंडू पलंगाखाली टाकून दिलास.

ती म्हणाली, "दादा, हे ऐकतच नाहीत. म्हणतात, हा हात तसाही जडच होता, बरा करून आता आणखी कुणाचं नुकसान करू? तुम्ही एकदा सांगा त्यांना, की तुझा हात चांगला होता म्हणून. दुसऱ्या कुणाचं नाही ऐकणार, तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, लिहितो. तिला चहा पाजला आणि कामणच्या बसमध्ये बसवून दिली.

तर लिहितो. चेंडू शोध आणि दाबायला लाग. थोरला भाऊ सांगतोय म्हणून दाब. हात जड असला तरी हात तो हातच. जेवायला लागतो, दाढी करायला लागतो, गोदामात खोक्यांवर खुणा करायला लागतो. प्रत्येकाच्या हातून नाजूक कामं व्हायलाच हवीत असं थोडंच आहे? काहींचा हात उपजतच तसा असतो. त्यात तुझा काय दोष? मी तर तुला कधीच दोष दिला नाही.

आता धंद्याची बातमी. ऐकायची नसली तरी ऐक. थोरली परत आली.

ही नावं तुझीच. प्रोसेसर बनवणाऱ्या त्या दोन अमेरिकन कंपन्या, त्यांची खरी नावं सोडून तू एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणायला लागलास, मग मीही म्हणायला लागलो, आणि पुढे गिऱ्हाइकंसुद्धा दुकानात येऊन "थोरलीवालाच द्या हां" म्हणायला लागली. तर त्या थोरलीने गेल्या महिन्यात नवीन चिप काढली. एका चिपमध्ये दोन मेंदू. वेगाचा आकडा पूर्वीपेक्षा कमी आणि काम कितीतरी जास्त, पंखासुद्धा आवाज न करता फिरतो. धाकटीच्या सगळ्यांत महागड्या चिपला थोरलीची मधली चिप मागे टाकते. मी स्वतः दोन मशीन शेजारी शेजारी लावून बघितलं. धाकटी इतकी वर्षं पुढे होती, मासिकांतून तिचे गोडवे चालले होते, तिला वाटलं आता थोरलीचं काही खरं नाही. बसली निवांत. आता तोंडघशी पडली आहे. दुकानात मी एकटाच होतो तरी मोठ्याने हसलो. तू समोर असतास तर तुझा चेहरा बघायला बरं वाटलं असतं.

कारण एके काळी तू मला हेच उलट ऐकवत होतास. अठ्ठ्याण्णव साली कॉलेज संपवून माझ्या दुकानात आलास, तेव्हा वसई स्टेशनबाहेर सुटे भाग जोडून कॉम्प्युटर देणारा मी एकटाच. प्रल्हाद देईल तो कॉम्प्युटर, असं लोक म्हणायचे. मी थोरलीशिवाय काही देत नव्हतो आणि त्यातही मागच्या वर्षीचा माल. जुना खपतोय तर नवा कशाला मागवायचा? गिऱ्हाईक आठ दिवस थांबायला तयार असलं तर मी पंधरा दिवस थांबवायचो. त्याशिवाय किंमत राहत नाही, असं मी तुला शिकवायचो. तू मासिकं आणायचास, पान दुमडून माझ्या टेबलावर ठेवायचास. "दादा, धाकटी पुढे गेलीय. तेच काम निम्म्या वेळात करते. आपण निदान दोन नग मागवून बघू." मी त्या पानावर चहाचा कप ठेवायचो. दोन वर्षं असे कप ठेवल्यावर तू बोळिंजला स्वतःचं दुकान टाकलंस. नारळ फोडायला मीच आलो होतो, हे विसरू नकोस.

मग ती शाळेची लॅब. कॅथरिन टीचरना वसईगावातल्या त्यांच्या शाळेत तीस कॉम्प्युटर बसवायचे होते. त्यांनी आपल्या दोघांना एकेक मशीन घेऊन बोलावलं. माझ्या मशीनचा आकडा मोठा होता. तो सांगून मी खुर्चीत रेललो. टीचरनी दोन्ही मशीनवर स्नेहसंमेलनाचे तेच फोटो, तेच काम लावलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. तुझं काम संपलं तेव्हा माझ्या पडद्यावरची पट्टी अजून सरकत होती. ऑर्डर तुला मिळाली. मला आनंदच झाला, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

पुढचं तुला कशाला सांगायला हवं? तीसही मशीन तू आपल्या घरी ओटीवर लावून तपासलीस. सगळी चालली. तिथून टेम्पोने शाळेत नेलीस. लॅबची लाईट उद्घाटनाच्या दिवशी सकाळी जोडली गेली, त्यामुळे तिथे आधी बघायची सोय नव्हती. फादरनी आशीर्वादाची प्रार्थना म्हटली, पालक दाराशी दाटीवाटीने उभे, मुलं खुर्च्यांवर बसलेली, बटणं दाबली आणि अकरा मशीन मेलेली. मला निरोप आला. मी आलो, एक मशीन उघडलं, पंखा काढला आणि भिंगातून सगळ्यांना चिप दाखवली. कोपऱ्याचा टवका उडालेला. मग दुसरं, मग तिसरं. अकराच्या अकरा, सगळ्यांचा एकच कोपरा. मला बोलणं भाग होतं. "याचा हात जड आहे. पंख्याची क्लिप दाबताना कोपऱ्याला बारीक तडा गेला असणार आणि टेम्पोच्या हादऱ्याने टवका उडाला." थोरलीने तिच्या नव्या चिपवर धातूची टोपी बसवली होती, धाकटीची चिप उघडीच होती, तेही मी सांगितलं. तुझ्याच बाजूने सांगितलं. पण लोकांनी हात तेवढा लक्षात ठेवला.

तू दोन्ही तळवे समोर धरून बघत उभा राहिलास. मोडलेली चिप कुणी बदलून देत नाही, त्यामुळे पुढे व्हायचं ते झालं, दुकानाचा गाशा गुंडाळलास. कामणच्या गोदामात मीच शब्द टाकला. पाच वर्षं नोकरी नीट चालली, ट्रॉली आणि लोखंडी दाराच्या मध्ये हात सापडेपर्यंत.

कॅथरिन टीचर आता मुख्याध्यापिका झाल्या. मध्ये भेटल्या तेव्हा तुझी चौकशी करत होत्या. सहजच.

असो. व्यायाम कर. पण या हाताकडून फार आशा ठेवू नकोस. पूर्वी जे जमत नव्हतं ते आता मोडून जोडल्यावर जमेल असं मनात आणलंस तर पुन्हा निराश होशील, आणि ते मला बघवणार नाही.

उन्नतीला आशीर्वाद.

तुझ्या भल्याचंच बघणारा,
दादा


वसई,
१८ फेब्रुवारी २००७

चि. जितेश यास,

आशीर्वाद. आई बरी आहे. तुझी वहिनी बरी आहे. मी बरा आहे.

गेल्या आठवड्यात उन्नतीचा फोन आला. डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं म्हणाली. सांधे कायमचे आखडले, आता ऑपरेशननेही फरक पडायचा नाही. पिशवी अडकवता येईल, दार ढकलता येईल, पण चिमटीत काही धरता यायचं नाही. ती रडत होती. रडता रडता तिने आणखी एक सांगितलं. माझं ऑगस्टचं पत्र आलं त्या दिवशी तू ते वाचलंस आणि पलंगाखाली वाकून चेंडू काढलास. आठ दिवस दाबलास. मग एका सकाळी पत्र पुन्हा वाचायला घेतलंस, घडी करून उशीखाली ठेवलंस, आणि त्यानंतर चेंडूला हात लावला नाहीस. तिला कळेना असं का. म्हणाली, "दादांनी तर व्यायाम करच म्हणून लिहिलं होतं ना?"

मी ते पत्र लिहायला चार दिवस घेतले होते, जितेश. तीन वेळा फाडून पुन्हा लिहिलं. पहिल्या वाचनात उन्नतीचं समाधान व्हावं आणि दुसऱ्या वाचनात तुझा हात थांबावा, असं ते जमवलं होतं.

आता तुला सगळं सांगायला मी मोकळा आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर समोरचा मध्ये बोलतो.

तुझ्या हाताने एकही चिप मोडली नाही. अकराही मी मोडल्या.

कृष्णाकाकांच्या मुलीची हळद होती ती दुपार आठवते का? जून लागला होता. सगळं घर हळदीला गेलं. तुझी तीस मशीन ओटीवर रांगेत लावलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता. तू मला विचारलंस, "दादा, तू घरी आहेस ना? मग मी निर्धास्त जातो." मी म्हटलं, जा, मला तसंही त्या हळदीच्या गाण्यांनी डोकं उठतं. तू नवा शर्ट घालून गेलास. वाजंत्रीचा आवाज लांब गेला तेव्हा मी आतून स्क्रू ड्रायव्हर आणला.

काम अवघड नव्हतं. क्लिप सोडवायची, पंखा उचलायचा, आणि त्या उघड्या चिपच्या कोपऱ्यावर पातं टेकवून जरा दाबायचं. पापड मोडावा तसा कोपरा सुटतो. मग पंखा पुन्हा होता तसा. कुठला कोपरा निवडायचा हे मला विचार करावा लागला नाही. तुला क्लिप लावायला मीच शिकवलं होतं. तू डाव्या अंगठ्याने पंख्याचा ठोकळा धरतोस आणि उजव्या हाताने दाबतोस, तेव्हा घसरलाच तर कुठे घसरेल ते मला ठाऊक होतं. तोच कोपरा घेतला. तीसही मोडल्या असत्या तर माल खराब निघाला असं लोक म्हणाले असते आणि दोष कंपनीवर गेला असता. अकरा मोडल्या की दोष माणसावर येतो. म्हणून मी अकराव्यावर थांबलो.

आणखी एक गोष्ट तुला कळायला हवी. कुठलं मशीन घ्यायचं ते ठरवायला मी आधी तीसही उघडली होती. भिंग लावून एकेक चिप बघितली. एकाही कोपऱ्यावर ओरखडा नव्हता. पंख्याखालचा पांढरा लेप सगळीकडे सारखा, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. इतकं स्वच्छ काम मी इतक्या वर्षांत कुणाचं बघितलं नव्हतं आणि माझ्या हातून तर कधीच झालं नव्हतं. तुझ्याइतका हलका हात आपल्या धंद्यात मी दुसरा बघितला नाही.

उन्नतीने मला हेच लिही म्हणून सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये.

मी हे का केलं असं तू विचारशील. तुला वाटेल, ऑर्डर गेली म्हणून. नाही. टीचरच्या घड्याळासमोर हरलो ते मला लागलं, शाळेचा शिपाई तोंडावर हात धरून हसला तेही लागलं, पण त्याने झोप उडाली नसती. आपण शाळेच्या पायऱ्या उतरत होतो तेव्हा तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "दादा, निम्मी ऑर्डर तू घे. पंधरा तुझ्या दुकानातून देऊ, पंधरा माझ्या. मी तुला दाखवतो धाकटीचं कसं बसवायचं ते." तू मनापासून म्हणालास. तुझ्या मनात काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच राहवलं नाही. चढून बोलला असतास, शेखी मिरवली असतीस तर मी घरी जाऊन आईजवळ चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. पण तू मला शिकवायला निघालास. ज्या मासिकांवर मी चहाचे कप ठेवले त्यातलं तू मला वाटून द्यायला निघालास.

थोरलीचंही तेव्हा असंच झालं होतं. तिलाही वाटायचं लोक जातील कुठे. तीही तोंडावर आपटली. पण ती उठून कामाला लागली. पाच वर्षं मार खाल्ला आणि मोठ्या आकड्याचा हट्ट सोडून पुन्हा पहिल्यापासून चिप आखली. ऑगस्टमध्ये तुला मोठ्या तोऱ्यात मी ते लिहिलं खरं, पण लिहिताना मला कळत होतं की तिच्यात आणि माझ्यात फरक आहे. ती धाकटीपेक्षा चांगली चिप बनवायला बसली. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन ओटीवर बसलो. तू गेल्यावर तरी मी नवीन काही शिकलो का? नाही. वसईत पुन्हा एकटा राहिलो आणि पुन्हा मागच्या वर्षीचा माल विकत बसलो. आता गिऱ्हाईक मोठ्या शोरूममध्ये जातं आणि लॅपटॉप घेऊन येतं. माझ्याकडे येतं ते व्हायरस काढायला.

आईचं सांगतो. भाताच्या रोपांसाठी राब पेरताना पहिली मूठ तू टाकायचास, आपले बाबा गेल्यापासून. जितूच्या हाताला गुण हाय म्हणायची. शाळेचं झालं त्याच्या पुढच्या वर्षी तिने टोपली माझ्यासमोर धरली. मी विचारलं, जितेश? ती म्हणाली, "त्याला नको बोलवू. त्याचा हात लागला तं मशिनीसुद्धा मेल्या, मंग रोपाचं कोन सांगनार?" तू खाजणातल्या शेताच्या बांधावर उभा होतास, तुला ऐकू गेलं होतं. मी मूठ घेतली आणि टाकली. तेव्हापासून दर वर्षी मीच टाकतो. भात चांगलं येतं, त्यामुळे आईची खात्री पटत चालली आहे. तिला मी हे सांगणार नाही. तू सांगू शकतोस. ती विश्वास ठेवेल की नाही ते मात्र मला सांगता येत नाही.

आता ऑगस्टचं. कॅथरिन टीचरनी तुझी सहज चौकशी केली असं मी लिहिलं होतं. त्या सहज आल्या नव्हत्या. उन्नती यायच्या आधी चार दिवस त्या दुकानात आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रल्हाद, मला एक गोष्ट पाच वर्षं समजलेली नाही. अकरा मशीन गेली. उरलेली एकोणीस त्या दिवसापासून आजपर्यंत चालू आहेत. एकाचा पंखासुद्धा बदलावा लागला नाही. ज्याचा हात जड, त्याची एकोणीस मशीन पाच वर्षं कशी चालतील?"

मी म्हटलं, टीचर, नशीब असतं एकेकाचं.

त्या मग म्हणाल्या, "मला नवी लॅब करायचीय, चाळीस मशीनची. तुम्हालाही भाव विचारते. पण यावेळी मला जितेशकडून करून घ्यायचंय. त्याच्या हाताचं ऐकलं मी. बरा होतोय ना? मी ख्रिसमसपर्यंत थांबेन. त्याला सांगाल?"

मी सांगतो म्हटलं.

आणि चार दिवसांनी उन्नती त्याच खुर्चीवर बसून मला म्हणाली, एकदा सांगा त्यांना, की तुझा हात चांगला होता. दोघींपैकी एकीचं जरी ऐकलं असतं तरी पुरलं असतं. टीचर तुझी वाट बघतायत एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर तू चेंडू फुटेपर्यंत दाबला असतास, हे मला माहीत आहे. तुला माझ्याहून जास्त कोण ओळखतं? म्हणूनच लिहिलं नाही. तुझी बोटं सरळ झाली असती, तू शाळेत गेला असतास, नवी चाळीस मशीन लावली असतीस आणि ती चाळीसही चालली असती. मग टीचरचा प्रश्न सगळ्या वसईने विचारला असता.

ख्रिसमस होऊन गेला. टीचरनी जानेवारीचा पहिला आठवडाही वाट बघितली, मग शिपायाबरोबर मला चिठ्ठी पाठवली. ऑर्डर माझी. चिठ्ठीत 'आनंदाने' वगैरे काही लिहिलेलं नव्हतं. सगळी मशीन थोरलीच्या नव्या चिपची बसवली. आता चिपवर सगळीकडे धातूची टोपी असते, कोपरा मोडायची भीतीच राहिली नाही, कुणाचाही हात चालतो. जुनी लॅब काढताना तुझी एकोणीस मशीन व्हरांड्यात ठेवली होती. मी त्यातलं एक लावून बघितलं. चालू झालं.

मला लाज वाटते का? वाटते. ऑर्डरची चिठ्ठी हातात आली तेव्हा आधी आनंद झाला आणि लाज नंतर वाटली, हा क्रम तुला खरा सांगतो. उन्नतीचा फोन आला तेव्हाही तसंच झालं. ती रडत होती आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरत होतं. मग मी मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसलो. तू पाच वर्षं स्वतःचा हात बघत काढलीस, उन्नतीला भाजी चिरताना मदत करायलासुद्धा घाबरायचास, हे तिने मला मागेच सांगितलं होतं. मला ते ऐकून वाईट वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. पण सांगावंसं वाटलं नव्हतं.

तू विचारशील, मग आता तरी कशाला सांगितलं? आता सांगितल्याने काही बिघडत नाही म्हणून. तू शाळेत गेलास तर या एका कागदाशिवाय तुझ्याकडे पुरावा काय असं टीचर विचारतील, आणि समज त्यांनी विश्वास ठेवलाच, तरी चिमटीत स्क्रू न धरता येणाऱ्या माणसाला त्या देणार काय? आणि खरं सांगायचं तर हे कुणाला तरी सांगायचंच होतं. ते स्वच्छ काम बघितलेला मी एकटाच माणूस आहे. इतकी वर्षं ते मनात ठेवून फिरणंही सोपं नव्हतं.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग पुन्हा त्या शाळेच्या पायऱ्यांवर उभं राहिल्यासारखं होईल.

लोभ असावा, असं शेवटी लिहायचा रिवाज आहे. तो या खेपेला सोडतो. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक. एका हाताने नीट फाटायचं नाही. दुसरं टोक उन्नतीला धरायला सांग.

तुझा दादा,
प्रल्हाद